थप्पीच्या आत काय आहे?

अकाउंटन्सीच्या प्रश्नपत्रिकेत कुणीही खोटं बोलत नाही. ‘३१ मार्चचा अखेरचा साठा ४,८०,००० रुपये’ असं छापलेलं असलं की तो तेवढाच असतो. ऋणको देणं नाकारत नाहीत, बँकेतली शिल्लक खरोखरच बँकेत असते, यंत्रसामग्री जागेवर असते आणि तिचा घसारा सांगितलेल्या दरानं मुकाट निघतो. अकरावीच्या बुककीपिंगपासून एम.कॉम.पर्यंत महाराष्ट्रातली मुलं अशी शेकडो गणितं सोडवतात. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक आपली असते, दिलेल्या माहितीची कधीच नसते. ‘खालील माहितीवरून’ हे शब्द इतक्या वेळा डोळ्यांखालून जातात, की माहिती ही कुणीतरी दिलेली असते आणि देणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ असू शकतो, हा विचारच मनात येत नाही.

मग यातलीच एखादी मुलगी सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास करून आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या फर्ममधल्या उमेदवारीला, लागते आणि मार्चअखेर तिला एखाद्या साखर कारखान्याच्या गोदामात साठा मोजायला पाठवलं जातं.

गाळप संपत आलेलं असतं, गोदामं छपरापर्यंत भरलेली असतात. ५० किलोंची पोती एकावर एक रचून थप्प्या लावलेल्या, प्रत्येक थप्पीला तिचं कार्ड अडकवलेलं. गोदामकीपर पुढं, ही मागं. लांबीला वीस पोती, रुंदीला बारा, उंचीला पंचवीस थर. म्हणजे सहा हजार पोती. कार्डावरही सहा हजारच. गुणाकार तिला तिसरीपासून येतो. पण तिला दिसतात ती फक्त बाहेरची पोती. थप्पी मधून पोकळ असेल तर गुणाकाराला ते कळत नाही. हा साठा बँकेकडे तारण आहे, त्यावर कारखान्यानं कर्ज उचललं आहे, आणि त्या कर्जातून उसाची बिलं भागायची आहेत. म्हणजे आतली पोती असणं-नसणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. ती म्हणते, मधली दोन-चार पोती काढून दाखवता का? गोदामकीपर हसतो. ‘मॅडम, हमाल जेवायला गेलेत. आणि थप्पी ढासळली तर जबाबदार कोण?’ ती ऑफिसात सीनियरला फोन लावते. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘गेल्या वर्षीच्या फाइलला काय लिहिलंय?’

ऑडिटच्या धंद्यातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न बहुधा हाच असावा.

लेखापरीक्षणाच्या साऱ्या डोलाऱ्यात मूळ वस्तू डोळ्यांनी पाहणारी व्यक्ती म्हणजे ही वीस-एकवीस वर्षांची मुलगी. पोती तिनं पाहिली, व्हाउचर तिनं उलटलं, बँकेचं पत्र तिच्या हातून गेलं. तिच्यावरच्या सीनियरनं तिचा तक्ता पाहिला, मॅनेजरनं तक्त्याचा सारांश, आणि सही करणाऱ्या भागीदारानं सारांशाचा निष्कर्ष. पुरावा जसजसा वर सरकतो तसतसा तो कागद होत जातो आणि अधिकार वाढत जातो. सर्वांत जास्त पाहणाऱ्याचा शब्द सर्वांत हलका, अशी ही उतरंड आहे. हिशेबाचं उच्च शिक्षण म्हणजे काय याचा विचार करायचा तर प्रश्नपत्रिकेइतकाच या उतरंडीचाही करायला हवा.

गोदामात जाऊन माल मोजायचा, ही रीत मुळात ऑडिटरांची नव्हतीच. १८९६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात ‘किंग्स्टन कॉटन मिल’चा खटला गाजला. गिरणीच्या व्यवस्थापकानं कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला होता. ऑडिटरांनी त्याच्या सहीचं प्रमाणपत्र पाहून तो आकडा मान्य केला होता. न्यायालयानं ऑडिटरांना सोडलं. साठा मोजणं हे त्यांचं काम नव्हे, आणि संशयाला जागा नसताना विश्वासू माणसाच्या शब्दावर विसंबणं हा निष्काळजीपणा नव्हे, असं ठरलं. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, हे त्या निकालातलं विधान आजही सीएचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. कुत्रा सगळ्यांच्या लक्षात राहतो. कापसाचा साठा खोटा होता हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुढं १९३८ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत ‘मॅकेसन अँड रॉबिन्स’ या औषध कंपनीचा अध्यक्ष एफ. डोनाल्ड कोस्टर म्हणून वावरत होता. त्याचं खरं नाव फिलिप म्युझिका, आणि फसवणुकीबद्दल तो आधीच तुरुंगवास भोगून आलेला. कॅनडातल्या गोदामांमधला कंपनीचा औषधी माल आणि त्या मालाच्या विक्रीतून येणं असलेली रक्कम, दोन्ही निव्वळ कागदावर होतं. ताळेबंदातल्या सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळजवळ १ कोटी ९० लाख डॉलरची मालमत्ता अस्तित्वातच नव्हती. ऑडिटर होते ‘प्राइस वॉटरहाउस’. कागद तपासले, ते चोख होते. गोदाम पाहायला कुणी गेलं नव्हतं, कारण जायची रीतच नव्हती. प्रकरण उघड झाल्यावर म्युझिकानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९३९मध्ये अमेरिकी लेखापालांच्या संस्थेनं दोन गोष्टी ठरवल्या. साठ्याच्या मोजणीला ऑडिटरनं हजर राहायचं, आणि येणी खरी आहेत का हे थेट ऋणकोंना पत्र लिहून विचारायचं.

आपल्याकडची ५०१ आणि ५०५ क्रमांकाची लेखापरीक्षण मानकं त्याच वळणाची. परीक्षेला ती पाच-पाच गुणांना येतात. साखरेच्या गोदामात उभ्या असलेल्या मुलीला ती पाठही असतात. पण ती तिथं का उभी आहे, ही गोष्ट क्लासमध्ये सहसा सांगितली जात नाही, कारण तिला गुण नाहीत.

५०५चं मानक प्रत्यक्षात कसं चालतं तेही पाहण्यासारखं आहे. बँकेतली शिल्लक पडताळायची असते तेव्हा पत्र कंपनीच्या लेटरहेडवर लिहितात, सही कंपनीच्या अधिकाऱ्याची घेतात, पण ते टपालात टाकायचं ऑडिटरनं स्वतः, आणि उत्तर यायचं थेट ऑडिटरच्या पत्त्यावर. कंपनीचा हात मध्ये लागता कामा नये, एवढंच यातलं मर्म. आता ही पत्रं पाकिटात घालण्याचं काम कुणाचं? अर्थातच आर्टिकलचं. आणि क्लायंटकडचे अकाउंटंट काका तर भले गृहस्थ असतात. चहा मागवतात, फाइली काढून देतात, एसी वाढवतात. ते म्हणतात, ‘द्या मॅडम, आमचा माणूस पोस्टात चाललाच आहे.’ नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. मोठ्यांना नकार द्यायचा नाही, या संस्कारात वाढलेल्या मुलांकडून आपण नेमक्या या ठिकाणी नकाराची अपेक्षा करत असतो.

७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. पुस्तकात ५,३६१ कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. रोख आणि बँक शिल्लक म्हणजे ऑडिटमधली सर्वांत सोपी बाब. पहिल्या वर्षाच्या मुलाला देतात ती. २०११मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगानं प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्मना ६० लाख डॉलरचा दंड केला. त्या आदेशात मुख्य ठपका हाच होता, की बँकांना पाठवायच्या पत्रांवर ऑडिटरांनी स्वतःचा ताबा ठेवला नाही, ते काम कंपनीच्या व्यवस्थापनावर सोपवलं. म्हणजे पुन्हा पोस्टात चाललेला आमचा माणूसच.

कुणी म्हणेल, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. पण संशय शिकायला सत्यम लागत नाही. व्हाउचिंग नावाचं एक अत्यंत कंटाळवाणं काम असतं. खर्चाचं प्रत्येक बिल घ्यायचं, तारीख, रक्कम, मंजुरीची सही बघायची, हिरव्या शाईनं टिक मारायची. दरवर्षीचे पहिले काही महिने मुलं नुसत्या टिका मारतात, आणि घरी विचारलं तर ‘ऑडिट करतोय’ म्हणतात. त्यात एखाद्या दिवशी एखादीच्या लक्षात येतं, की रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराचं एप्रिलचं बिल ४१ नंबरचं आहे, जूनचं ४२, ऑगस्टचं ४३. चार महिन्यांत या माणसाला दुसरं एकही गिऱ्हाईक मिळालं नाही? तिन्ही बिलांचं अक्षर एकच आणि ते कॅशियरच्या रजिस्टरमधल्या अक्षरासारखं. बिलांवर जीएसटी क्रमांक नाही, कारण ठेकेदार म्हणे लहान आहे. तारीख, रक्कम, सही सगळं बरोबर. टिक मारायला काहीच हरकत नाही. हरकत नाही, हेच खटकतं. ही खटकण्याची कळ एकदा उमटली की माणूस अकाउंटंट व्हायला लागतो. कुठल्याही मॉड्यूलमधून ती येत नाही.

हेच ओळखून जुन्या लोकांनी हा व्यवसाय उमेदवारीवर उभारला. १८५४मध्ये एडिंबरोच्या लेखापालांना राजसनद मिळाली आणि ‘चार्टर्ड’ ही उपाधी तिथून आली. त्या काळी ब्रिटनमध्ये उमेदवार कारकून उलट आपल्या मालकालाच पैसे मोजून काम शिकायला राहत. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. त्याच वर्षी कंपनी कायद्यानं ऑडिटरला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. १९१८मध्ये मुंबई सरकारनं ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला. त्यातही परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी होती. १९३२च्या नियमांनी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ आले आणि १ जुलै १९४९ला भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. नावं बदलली, उमेदवारी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१मध्ये सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं. पण वर्गात हजेरी न लावता, दुसऱ्याच्या दफ्तरात बसून मिळणारी अशी पदव्युत्तर पातळी विरळाच.

याहून जुनी एक व्यवस्था मराठी मुलखात होती आणि ती आजच्या चर्चेत यायला हवी. पेशवाईत मामलेदार किंवा सुभेदार हा प्रांताचा कारभारी. पण त्याच्याबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरकदार असत. हिशेब ठेवणं, तपासणं, त्यावर आपलं चिन्ह करणं हे त्यांचं काम. त्यांची नेमणूक हुजुरातून होई आणि सुभेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. सुभेदारानं काही लपवायचं म्हटलं तर शेजारी बसलेल्या, पण आपल्या हाताखाली नसलेल्या माणसाची संमती लागायची. या व्यवस्थेत संगनमत होत नसे असं अजिबात नाही. माणसं तीच होती. वतनदारीनं पुढं या पदांची धारही बोथट झाली. पण ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या मर्जीवर तपासनिसाची भाकरी नको, हे सूत्र पुण्याच्या कारभाऱ्यांना कळलेलं होतं. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना त्यांतलं एक पान कुणी दाखवत नाही. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा होते तेव्हा दुकानदाराचं वर्ष दिवाळीला संपायचं याची आठवण काढली जाते. आयकरासाठी सर्वांचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं ते १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून. पण देशी नामेपद्धतीत तपासणीचीही एक रीत होती, याची आठवण पूजेतही निघत नाही.

आज चित्र उलटं आहे. ऑडिटरचं बिल ज्याचं ऑडिट तो भागवतो. यावर उपाय म्हणून २०१३च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांना ऑडिटर बदलत राहण्याची सक्ती केली. फर्म असेल तर पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती, व्यक्ती असेल तर एकच. सहकारात तर प्रवास अगदीच बोलका आहे. महाराष्ट्रात बराच काळ सहकार खात्याचे लेखापरीक्षक संस्थांची तपासणी करत आणि वर्षभरानंतर ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असा वर्ग देत. खात्याचं काम रेंगाळायचं, कधी वर्षानुवर्षं. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि शासनमान्य तालिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला मिळाला. काम वेळेवर होऊ लागलं, हे खरंच. पण सर्वसाधारण सभा म्हणजे चेअरमनच्या मागं बसलेली माणसं, हे ज्यानं एकदा तरी पतसंस्थेची सभा पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. ‘क’ वर्ग देणारा ऑडिटर पुढच्या वर्षीच्या ठरावात नसतो. आणि हे फर्ममधल्या सर्वांत धाकट्या मुलालाही पहिल्या महिन्यात कळतं, कुणी न सांगता.

सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयांच्या वर रक्कम काढता येईना. मुंबईतल्या शाखांसमोरच्या रांगा अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील. एचडीआयएल या बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असं पोलिसांकडच्या तक्रारीत होतं. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेलं पत्र त्या वेळी वृत्तपत्रांत आलं. वेळेअभावी ऑडिटर फक्त नव्यानं वाढलेली कर्जं तपासत, सगळी खाती पाहत नसत, असं त्यात म्हटलं होतं. ते किती खरं, याचा निवाडा न्यायालयात होईल. पण या कामात थोडे दिवस काढलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. जुनी खाती गेल्या वर्षी पाहिलीच आहेत, म्हणून या वर्षी नवी तेवढी पाहू. आणि गेल्या वर्षी ती का पाहिली नव्हती, तर त्याच्या आदल्या वर्षी पाहिली होती म्हणून.

या सगळ्याच्या समोर विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो? सदाशिव पेठेतल्या किंवा शनिवार पेठेतल्या अभ्यासिकेत पहाटे जागा धरायची, रेकॉर्डेड लेक्चर दीडपट वेगानं बघायचं, दहाला ऑफिस. नियमानं आठवड्याला ३५ तास. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत जवळ आली की नियम बाजूला. लहान फर्ममधल्या स्टायपेंडमधून पेठेतल्या कॉटचं भाडंही सुटत नाही, घरून पैसे येतात. संध्याकाळी पुन्हा अभ्यासिका. भाषाही वेगळीच तयार होते. ‘एफआरला एक्झम्प्शन आहे, पण अ‍ॅग्रिगेट गेलं’, ‘हा अटेम्प्ट सोडतोय’, ‘आरटीपी केलं का?’ प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, ही दोन दारं एकाच वेळी उघडावी लागतात. नोव्हेंबर २०२३च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्या ३२,९०७ जणांपैकी ३,०९९ उत्तीर्ण झाले, म्हणजे ९.४२ टक्के. पुढच्याच मे २०२४च्या परीक्षेत हे प्रमाण १९.८८ टक्के होतं. सहा महिन्यांत देशातल्या मुलांची हुशारी दुप्पट झाली असं कुणी म्हणणार नाही. परीक्षेचं हे हेलकावणं मुलं नशिबाच्या खात्यावर टाकतात. घरात मात्र ‘मुलगा सीए करतोय’ हे वाक्य वर्षानुवर्षं वर्तमानकाळातच राहतं, आणि नातेवाईक ते भूतकाळात जाण्याची वाट लग्नाच्या यादीसह पाहत असतात.

अशा परीक्षेपुढं ४१, ४२, ४३ नंबरच्या बिलांना कोण विचारतो? म्हणून ‘डमी आर्टिकलशिप’चा रोग बळावला. कागदावर उमेदवारी, प्रत्यक्षात पूर्ण वेळ क्लास. प्रिन्सिपलची, म्हणजे उमेदवारी देणाऱ्या सीएची, सही असते, मूल ऑफिसात नसतं. सनदी लेखापाल संस्था कारवाई करते, प्रकार चालू राहतात. खोटी कागदपत्रं ओळखायला शिकण्याचा कालावधी खोट्या कागदावर पुरा करायचा, यातला विनोद त्यात सामील असलेल्या मुलाला, प्रिन्सिपलला आणि क्लासला दिसत नसेल असं नाही.

१ जुलै २०२३पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. इंटर आणि फायनलचे पेपर आठावरून सहावर आले, उमेदवारीनंतर अभ्यासासाठी सहा महिने मोकळे मिळाले, पुढं परीक्षाही वर्षातून तीनदा सुरू झाल्या. मुलांची घुसमट कमी करणारा हा बदल आहे आणि त्याचं स्वागत करताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. मात्र पहिलं वर्ष टिका मारण्यात आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्यात जातं. दुसऱ्या वर्षी काम थोडंसं कळू लागतं. तिसऱ्या वर्षी त्याच क्लायंटकडे पुन्हा गेल्यावर, गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये आपणच काय लिहिलं होतं आणि ते कितपत तपासलं होतं, हे दिसायचं. तेच वर्ष गेलं.

गंमत अशी, की अमेरिका नेमकी उलट्या दिशेनं निघाली आहे. तिथं सनदी लेखापाल, म्हणजे सीपीए, होण्यासाठी १५० क्रेडिट तास लागत आले, साधी पदवी १२०ची. मग उरलेल्या ३० साठी अनेक मुलं लेखाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेत. फ्लोरिडानं हे १९८३मध्ये आणलं, व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेनं १९८८मध्ये ते उचललं आणि हळूहळू सगळ्या राज्यांत पसरलं. पाचव्या वर्षाची फी भरून हाती काय येतं, हा प्रश्न मुलं विचारू लागली आणि या शाखेकडे फिरकेनाशी झाली. जानेवारी २०२५मध्ये ओहायोनं कायदा करून, पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असाही रस्ता खुला केला. वर्गातलं एक वर्ष कमी करून कामातलं वाढवायचं. आपण कामातलं कमी केलं. दरम्यान अमेरिकी कंपन्यांच्या ऑडिटमधली बरीच कामं पुण्यात-मुंबईत बसून मराठी मुलं करतात. गोदाम ओहायोत, टिक पुण्यात. थप्पी पोकळ आहे का हे विचारायला गोदामकीपरही समोर नसतो.

यावर संगणकाचा उतारा सांगितला जातो. नमुना म्हणून पंचवीस बिलं काढण्याऐवजी सगळीच्या सगळी यंत्रानं चाळता येतात, क्रमानं येणारे बिल नंबर ते क्षणात दाखवतं, आणि हे चांगलंच आहे. पण यंत्राला जे खटकतं त्याचं उत्तर क्लायंटकडून आणायला, आणि ते उत्तर पटलं की नाही हे ठरवायला माणूस लागतो. तो माणूस अजूनही तीच वीस वर्षांची मुलगी आहे.

१ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ‘ऑडिट ट्रेल’ सक्तीचा आहे. पूर्वी टॅलीत रात्रीतून व्हाउचर बदललं की सकाळी माग राहत नसे. आता कुठली नोंद कुणी, केव्हा, काय होती ती काय केली, हे सारं राहतं आणि ते बंद करून ठेवता येत नाही. ते वर्षभर चालू होतं की नाही, हेही ऑडिटरला अहवालात सांगावं लागतं. हा नियम साखर कारखान्याच्या अकाउंटंटला जाच वाटतो, पण योग्य आहे.

आता ऑडिटरच्या स्वतःच्या फाइलकडे पाहू. त्या मुलीनं संध्याकाळी ऑफिसात येऊन लिहिलं, ‘थप्पी क्र. ७ची आतली पोती पाहता आली नाहीत, हमाल उपलब्ध नव्हते.’ सीनियरनं शेजारी लिहिलं, ‘स्टॉक रजिस्टरशी जुळतं, क्लायंटशी बोललो. क्लिअर्ड.’ अहवालावर सही झाली की ६० दिवसांत फाइल बंद करायची असते. त्याआधी अशा प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्या काढून टाकण्याची सर्रास पद्धत आहे. त्यात बेकायदा म्हणावं असं सहसा काही नसतं, कारण अपुरा किंवा प्राथमिक विचार दाखवणारी टिपणं आणि रद्द झालेले मसुदे जपायची गरज नाही, असं मानकच सांगतं. महत्त्वाची विसंगती मात्र नोंदलीच पाहिजे, असंही तेच मानक सांगतं. आता थप्पी क्रमांक ७ ही महत्त्वाची विसंगती की प्राथमिक विचार, हे ठरवतो सीनियर; गोदामात तो गेलेला नसतो. सात वर्षं जपल्या जाणाऱ्या फाइलमध्ये मग एवढंच उरतं, की साठ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली आणि ती जुळली.

क्लायंटच्या कारकुनानं बदललेली शंभर रुपयांची नोंद आता पुसता येत नाही. आर्टिकलचा प्रश्न पुसता येतो. सनदी लेखापाल संस्थेनं आणि २०१८मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणानं ठरवलं तर ऑडिटच्या फाइललाही तोच नियम लावता येईल: धाकट्यानं विचारलेला प्रश्न, त्यावर मोठ्यानं दिलेलं उत्तर, दोन्ही तारखेसह फाइलमध्येच राहायची. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागणार नाही. फर्म वापरतात त्यात ही सोय बहुतेक ठिकाणी आहे, आणि बंद करून ठेवलेली आहे.